बारा आणे मोह

बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी लिहिल्या.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून,
आधी टंकयंत्रावर, मग पुतण्याच्या संगणकावर.
पूर्वेस नाला. पश्चिमेस पांदण.
दक्षिणेस सर्व्हे नंबर एकशे चौदा.
उत्तरेस झुडपी जंगल, शासनाचे.
त्यातला एकही नाला मी पाहिला नव्हता.
चहा निवेपर्यंत एक वावर लिहून व्हायचं
आणि दुसऱ्याचं व्हायचं.

यंदा माघात स्वतःसाठी घेतली,
नागभीडपासून अकरा किलोमीटर आत, बोडीच्या वरच्या अंगाला,
शून्य हेक्टर बारा आर.
मुलगा म्हणाला, बाबा, नागपुरात लेआउटमध्ये घ्या,
आणि मोबाईलवर रंगीत नकाशा दाखवला:
प्रस्तावित बाग, प्रस्तावित मंदिर, प्रस्तावित रस्ता.
'प्रस्तावित' हा शब्द मी हजारदा टाइप केलाय.
त्याची किंमत मला विचारा.

विकणारी पार्बताबाई डोर्लीकर.
पैसे मोजून झाले, अंगठ्याची शाई पुसून झाली नव्हती,
तेव्हा म्हणाली,
"जमीन तुजी, गा. पन मोहाच्या झाडाचे दोन आणे माझे लिव."
मी कायदा सांगितला.
तिनं पिशवीतून सासऱ्याचं जुनं खरेदीखत काढलं,
घडीवर चार तुकडे झालेलं, उडदाच्या डाळीचा वास येणारं.
त्यात स्पष्ट होतं: मोहवृक्ष एक, पैकी चौदा आणे.
उरलेले दोन कोणा पांडोबा चांदेकराने राखलेले.
ते घर रायपूरकडे गेलं, परत आलं नाही.
"तरी आमी त्यायचे काढून ठेवत होतो."
"मग?"
"मग काय, पावसाळ्यात भुंगे लागत."

चौदातून दोन गेले, बारा राहिले.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला वजाबाकी करताना
बोटं वापरावी लागली.
बाबू म्हणाला, प्रणालीत झाडाच्या आण्यांचा रकाना नाही.
रकाना नसेल ते मी आजवर कधी लिहिलं नव्हतं.
वहीतलं पान फाडलं,
विनामुद्रांक, विनासाक्षीदार,
दोन आणे तिच्या नावे लिहिले, सही केली,
तिनं ते पान घडी न घालता
दोन्ही हातांनी धरून बसपर्यंत नेलं.
आता ती आरमोरीला लेकीकडे असते.

मोजणीच्या दिवशी कुंभरे साहेब यंत्र घेऊन आले.
पूर्वेस नाला नव्हता.
होता, म्हणे, आधी;
आता पन्नास पावलं पलीकडे, हरभऱ्यातून वाहतो.
"कागदावर काय आहे?" त्यांनी विचारलं.
कागद माझ्याच अक्षरातला, म्हणजे माझ्याच टंकातला.
मी गप्प राहिलो.
कोरड्या गोट्यांवर त्यांनी खुणेचा दगड रोवला
आणि डबा उघडून जेवायला बसले.

चैत्रात बायकोला घेऊन पहाटेच गेलो.
मोह टपटपत होता. ती म्हणाली, पाय जपून ठेव.
मला वाटलं विंचवाचं म्हणते आहे;
ती फुलांचं म्हणत होती.
सूर्य वर येईपर्यंत वेचले.
मग धोतराच्या पानावर नाही, चांगल्या धुतल्या पोत्यावर
सोळा ढीग घातले, ओंजळीनं,
कमी-जास्त झालं ते पुन्हा सारखं केलं.
बारा आमचे. दोन पार्बताबाईचे, वेगळ्या डब्यात,
आरमोरीच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायला.
दोन उरले.
रायपूरचा पत्ता कोणाकडे आहे?
ते तसेच बुंध्याशी ठेवले.

दुपारी फोन आला.
नमस्कार नाही, तब्येत नाही.
"ह्या साली बारीक पडले का गा?"
मी वाकून एक फूल उचललं, उजेडात धरलं,
कारण चुकीचं सांगितलेलं चाललं नसतं.
"नाही," म्हटलं. "चांगले टपोरे आहेत."
"आन् चांदेकरायचे?"
बुंध्याकडे पाहिलं.
एका ढिगावर मुंग्या चढल्या होत्या, दुसरा अजून होता.
"आहेत," म्हटलं. "काढून ठेवलेत."